मोहपाड्याखालचा थांबा

शहापूर-मुरबाड रस्त्यावर धावणाऱ्या प्रत्येक बसमध्ये एक डबी असते. बस कुठे आहे, किती वेगात आहे, तिचं तोंड कोणत्या दिशेला आहे, हे ती डबी शहापूरच्या नियंत्रण कक्षाला कळवत राहते. ‘बस कुठवर आली?’ म्हणून फोन करणाऱ्याला उत्तर देण्यापुरता त्याचा उपयोग. शेवटची बस आगारात लागली की दिवसभराची सगळी माहिती साठवणीत जाऊन पडायची, आणि नंतर तिच्याकडे कोणी ढुंकूनही बघत नसे. असा वर्षानुवर्षांचा ढीग साचला होता.

भूमिकाने तो उपसायला घेतला. ही मुरबाड तालुक्यातल्या मोहपाड्याची पोर, वाहतूक नियोजन शिकून शहापूरला रुजू झालेली. ‘असंच चालतं इथे’ हे उत्तर तिला जन्मात कधी पटलं नव्हतं.

“शिळ्या कढीला ऊत आणतेस,” शेजारच्या टेबलावरचा मुकेश चिडवायचा.

पण किन्हवलीची दुपारची बस शाळा सुटायच्या आधीच निघून जाते, हे तिने त्या ढिगातून काढून दाखवलं आणि वेळ बदलून घेतली. म्हसा गावच्या बैलांच्या जत्रेत बस नेमक्या कुठे अडकतात ते शोधून त्यांना आधीच दुसरी वाट आखून दिली. यंदा बैलांचे टेम्पो आणि बस समोरासमोर अडून बसल्या नाहीत. मग मुकेशच येईल त्याला सांगत सुटला, “आमच्या मॅडमनी अडगळीला कामाला लावलं.” भूमिकाची मान ताठ झाली, आणि व्हायलाच हवी होती.

पुढे एक नवा थांबा मंजूर व्हायचा होता. शेड, बाक आणि दिवा. जागा भूमिकाने सुचवायची होती. मोहपाड्याच्या बायका अजून डोक्यावर भाजीच्या पाट्या घेऊन फाट्यापर्यंत चालत जात. त्यात तिची आई सरस्वतीही होती. लेकीने आपल्याच गावाला झुकतं माप दिलं असं कोणी म्हणू नये, म्हणून भूमिकाने ठरवून टाकलं की आकडे सांगतील तिथेच थांबा.

आणि आकड्यांनी मोहपाड्याखालचीच जागा दाखवली. मुरबाडहून येणाऱ्या बस तिथे, भर रस्त्यात, थांबा नसताना थोडा वेळ थांबत होत्या. म्हणजे लोक हात दाखवत असणार. भूमिकाला इतका आनंद झाला की तिने मुकेशला पेढे आणायला पिटाळलं.

पेढे आले, पण मुकेशचा चेहरा उतरलेला होता.

“स्टँडवर ड्रायव्हर लोकांना विचारलं. तिथे कोणीच थांबत नाय म्हणतात.”

तिने नोंदी पुन्हा उघडल्या. बस थांबत तर होतीच, वर थांबल्यावर तिचं तोंड फिरत होतं. शहापूरकडचं मुरबाडकडे, आणि निघताना पुन्हा शहापूरकडे. त्या अरुंद रस्त्यावर बैलगाडी वळवायची तरी खाचरात उतरावं लागतं. डबी बिघडली म्हणावं, तर बस वेगवेगळ्या, वर्षं वेगवेगळी, डब्याही निरनिराळ्या कंपन्यांच्या.

मग एका दुपारी ती स्वतः मुरबाडहून बसमध्ये चढली आणि ड्रायव्हर शेखरच्या मागे दांडा धरून उभी राहिली. कापणी झालेली खाचरं, सागाची सुकी पानं, मागे सिद्धगडाची निळसर रेघ. ती जागा आली आणि गेली. शेखरने गिअरसुद्धा बदलला नाही.

“बघितलं ना मॅडम? थांबाया हाय कोन तिथं?”

भूमिका हसली. मग तिला जाणवलं की पर्स डाव्या खांद्यावर आहे. चढताना ती उजव्या खांद्यावर होती. तिने मागे वळून पाहिलं. उभी असलेली कॉलेजची मुलं सॅक एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेत होती. सगळी एकदम, आणि गप्पा न थांबवता.

कक्षात परतल्यावर तिने त्या फेरीची नोंद पाहिली. बस थांबली होती. तोंड फिरलं होतं.

रविवारी ती घरी गेली, तेव्हा शेजारच्या गोजाबाईला त्या जागेबद्दल विचारलं.

“तिथं विसावा व्हता गो,” गोजाबाई सुपातले तांदूळ निवडत म्हणाली. “मयत नदीवर नेताना तिरडी खाली ठेवायची, तोंड फिरवायचं, खांदे बदलायचे. माणसं जरा दम खायची. आता मयताची गाडी येते. ती कुठं थांबते?”

मुकेशने सोपा उपाय सांगितला. “तेवढ्या नोंदी बिघाड म्हणून काढून टाक. कोणाला कळणार नाय.”

काढल्या असत्या, तर मोहपाड्याचा थांबाही गेला असता. ठेवल्या, तर कारण द्यावं लागणार, आणि कारण तिच्याकडे नव्हतं. भूमिका भ्यायली होती, हे खरं. तरी तिने लिहिलं: ‘बस येथे थांबतात. का थांबतात, ते कळलेले नाही.’ खाली सही केली. आजवरच्या कुठल्याही कामापेक्षा त्या एका ओळीचा तिला जास्त अभिमान वाटला.

थांबा मंजूर झाला.

उद्घाटनाला सकाळीच आख्खा मोहपाडा खाली उतरला. नारळ फुटला. मुरबाडहून पहिली बस आली, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत थांबली, पाट्या घेतलेल्या बायका चढल्या. टाळ्या पडल्या आणि भूमिकाचे डोळे भरून आले.

सरस्वती नवं लुगडं नेसून बाकाच्या अगदी टोकाला बसली होती, जेमतेम टेकलेली.

“आई, आत सरकून नीट बस ना.”

“आगो, जागा कुठं हाय? हे चौघं बसलेत ना. लय लांबून आलेत बिचारे, दमलेत.” सरस्वतीचा चेहरा अभिमानाने फुलला होता. “थांबा कोनी आनला म्हनून इचारत व्हते. मी सांगितलं, ही काय, माझीच पोर. तुझं नाव इचारून घेतलं त्यांनी.”

बाक रिकामा होता.

भूमिकाने नजर खाली वळवली. शेडमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती, माणसाला माणूस चिकटून उभं होतं. फक्त बाकासमोर, नव्या फरशीवर, आडव्या माणसाएवढी जागा मोकळी राहिली होती, आणि धावणारी पोरंसुद्धा तिला वळसा घालून जात होती.