पहारेकरी येतो म्हणाला

विश्वजीत नेमकं काय करतो हे सांगायला सांगलीत कुणाकडे शब्द नव्हता. त्याची बायको पाहुण्यांना 'ते लिहितात' एवढंच सांगे आणि पुढचा प्रश्न यायच्या आत चहा टाकायला उठे. सकाळी तो एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायचा. दुपारनंतर एका परदेशी खेळाच्या जुन्या आवृत्तीसाठी पुस्तिका लिहायचा.

खेळ असा, की चार-पाच चांगली नोकरीधंद्यातली माणसं टेबलाभोवती बसतात. एकजण सूत्रधार होतो आणि पुस्तिकेतून वाचून दाखवतो: समोर लोखंडी दार आहे, पलीकडे पाणी ठिबकतंय. आपापलं पात्र आता काय करणार ते बाकीचे सांगतात आणि निकाल फाशांवर लागतो. मूळ कंपनीनं मधल्या काळात नव्या नव्या आवृत्त्या काढल्या, नियम बदलले, चित्रं गुळगुळीत केली. पण जगात काही हट्टी मंडळी चाळीस वर्षांपूर्वीच्याच आवृत्तीला धरून आहेत. त्यांच्यासाठी कंपनी आता काही काढत नाही. ते काम विश्वजीतसारखे बाहेरचे लोक करतात. बंद झालेल्या स्कूटरचे सुटे भाग कुणीतरी बनवतंच, तसं.

त्याची सहावी पुस्तिका एका बंद गिरणीवर होती. तो माधवनगरात, तिथल्या कापडगिरणीच्या शेजारी वाढलेला, त्यामुळे गिरणीचा नकाशा काढायला कल्पनाशक्ती खर्चावी लागली नाही. तळघरातले राक्षस तेवढे गिऱ्हाइकांच्या समाधानासाठी घातले. पहिल्याच खोलीत एक पहारेकरी होता. तो खेळाडूंना कंदील द्यायचा, एक वाक्य बोलायचा आणि अंधारात निघून जायचा. चौकटीतल्या तीन ओळी, बस्स.

पहारेकरी म्हणजे विश्वजीतचे वडील. आबा बंद गिरणीवर पहाऱ्याला होते. विश्वजीत अकरा वर्षांचा असताना एका सकाळी ते चहा पिऊन उठले, 'येतो' म्हणाले आणि कामावर गेले. ते गिरणीत पोचले नाहीत, घरी परतले नाहीत, कुठल्या दवाखान्यात किंवा चौकीत त्यांची नोंद सापडली नाही. आई, साळूबाई, आजही कुंकू लावते. आता ती साताऱ्यात विश्वजीतच्या बहिणीकडे, संयोगिताकडे असते. ती तिकडे गेल्याला आठ-नऊ वर्षं झाली.

छापलेल्या प्रती घेऊन मिरजेचा छापखानेवाला शंभूराज स्वतः आला. गठ्ठा टेबलावर ठेवून म्हणाला, "मास्तर, ह्यात गोष्ट न्हाई, गानं न्हाई. खोली नंबर एक, खोली नंबर दोन. घरपट्टीचं पुस्तक हाय व्हय हे?"

"तुला नाही कळायचं."

"ते सोडा. पर ह्यो वॉचमन जाताना 'आय अ‍ॅम कमिंग' का म्हनतो?"

विश्वजीतनं पान उघडलं. तसंच होतं. त्या तीन ओळी लिहिताना कानात आबांचा 'येतो' होता आणि हातानं सरळ त्याचं इंग्रजी करून टाकलं होतं.

"आपल्यात येतो म्हनला की मानूस गेला," शंभूराज म्हणाला. "त्यांच्यात येतो म्हनला की येतोय! गोरी मानसं वाट बघत बसत्याल गड्या."

"आणि हे तू छापल्यावर सांगतोयस?"

"छापायच्या आधी तुमी इचारलं व्हतं?"

दोघंही हसले. प्रती टपालात पडल्या.

तीन आठवड्यांनी फिनलंडहून मेल आला. तुमचा पहारेकरी कधी येतो ते पुस्तिकेत कुठेच नाही, आमचे खेळाडू खोलीत थांबून राहिले, शेवटी मीच त्याला आणला. डावा पाय ओढत आला, सगळ्यांना आवडला.

गिरणी चालू असताना आबांच्या डाव्या पायावर कापसाची गासडी पडली होती, तेव्हापासून ते तो ओढतच चालायचे. विश्वजीतनं ते कुठेही लिहिलं नव्हतं. पण तो संख्याशास्त्राचा माणूस. पाय दोनच असतात, डावा असण्याची शक्यता पन्नास टक्के. त्यानं आभाराचं उत्तर पाठवलं.

ब्राझीलच्या सूत्रधारानं लिहिलं की पहारेकरी फाटकाबाहेर पडून रुळांच्या कडेनं चालत गेला. कुठल्याही दारापुढून जाताना तो दोनदा खाकरतो. आबाही घरात शिरताना दोनदा खाकरायचे. कॅनडातल्या बाईंनी लिहिलं की तो घाट असलेल्या नदीवरचा पूल ओलांडून गेला आणि पुढे दोन्ही बाजूंना माणसापेक्षा उंच गवत होतं, आत शिरलं तर हात कापणारं.

ऊस पाहिलेला नसला तर माणूस त्याला गवतच म्हणणार.

ही मंडळी एकमेकांना ओळखत नव्हती. विश्वजीतनं खात्री करून घेतली. प्रत्येकानं आपापल्या घरी, आपापल्या फाशांवर खेळ मांडला होता. पण एकाकडे पहारेकरी जिथे थांबला, तिथून दुसऱ्याकडे पुढे निघाला होता.

पुढचा मेल जर्मनीहून आला. दोन नद्या समोरासमोर येऊन एकमेकींना भिडतात आणि काटकोनात वळतात, ही जागा तुम्हाला सुचली कशी?

विश्वजीतला काही सुचलं नव्हतं. ते कराड होतं. आबा सांगली ओलांडून गेले होते. त्याच्या घराकडे वळलेसुद्धा नव्हते. ते साताऱ्याच्या रस्त्याला लागले होते आणि आई साताऱ्यात राहायला गेल्याचं त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं.

रविवारी तो साताऱ्याला गेला. आई ओट्यावर उन्हात बसून घेवडा सोलत होती. त्यानं सहज विचारल्यासारखं विचारलं, "आई, आबा आले तर?"

"तर काय? येनारच की. येतो म्हनून गेल्यात."

"आई, इतक्या वर्षांत एसटीसुद्धा येऊन गेली असती गं," संयोगिता आतून म्हणाली.

"तू गप. जातो म्हनून गेलेल्या मानसाची वाट बघू नये. त्ये कवाच जातो म्हनले न्हाईत." मग ती विश्वजीतकडे वळली. "लय वाळलायस रं. जेवून जा."

तो जेवला. आईला आबा हवे होते, यात शंका नव्हती. पण उसातून, नद्यांवरून, परक्या लोकांच्या टेबलांवरून जे चालत येत होतं ते आबाच असेल, हे सांगणारा एकही आकडा त्याच्याकडे नव्हता. आणि आई तर खाकरण्याचा आवाज आला की दार उघडणार होती.

पुढच्या शनिवारी पोलंडहून मेल आला. पहारेकरी आता डोंगरी किल्ल्याच्या पायथ्याच्या गावात शिरला आहे आणि घरं बघत चालला आहे.

विश्वजीतनं संगणक उघडला. चूक ती चूक, आणि दुरुस्त करणं हे प्रकाशकाचं काम. चौकटीतलं वाक्य त्यानं खोडलं आणि 'आय अ‍ॅम गोइंग' असं लिहिलं. बोट थोडा वेळ बटणावर तसंच राहिलं. मग त्यानं सुधारित फाइल सगळ्या गिऱ्हाइकांना पाठवली. सोबत लिहिलं: भाषेच्या गफलतीबद्दल क्षमस्व, पहारेकरी परत येत नाही.

रविवारी एकही मेल आला नाही. त्याला बऱ्याच दिवसांनी झोप लागली.

सोमवारी तो कॉलेजातून घरी आला तोच, साडेअकराला, संयोगिताचा फोन आला.

"दादा, आई तुझ्याकडे यायला निघालीय का?"

"नाही. का?"

"अरे, मघाशी दाराशी कुणीतरी खाकरलं. आईनं दार उघडलं. मी स्वयंपाकघरात होते, मला कुणी दिसलं नाही. पण ती कुणाशी तरी बोलत होती. मग मला म्हणाली, जातो म्हनत्यात गं, असं कधी म्हनत न्हवते."

"पुढं?"

"कुकरची शिट्टी झाली म्हणून मी आत वळले. बाहेर आले तर दार उघडं, आई नाही. कोपऱ्यावरच्या दुकानदारानंही बघितली नाही."

"तुला काही सांगून गेली?"



"मी आत वळताना म्हणाली, जाते. मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली."

फोन ठेवून तो गाडीची किल्ली शोधू लागला. संगणक उघडाच होता. पडद्यावर कॅनडातल्या बाईंचा मेल येऊन पडलेला होता.

दुरुस्तीबद्दल आभार, त्यांनी लिहिलं होतं. आमचा आजचा खेळ आत्ताच संपला. पहारेकरी आता व्यवस्थित निघून जातो. त्याच्या एक पाऊल मागून ती म्हातारी बाई जाते, हे फारच छान घातलं आहे. माझ्या खेळाडूंनी तिला हाका मारल्या, पण तिनं वळून पाहिलं नाही. ती खूश दिसत होती.

विश्वजीतनं मेलवरची वेळ पाहिली. इथल्या घड्याळानं सकाळचे आठ चाळीस.

त्यानं संयोगिताला परत फोन लावला आणि आई नेमकी किती वाजता घराबाहेर पडली ते विचारलं.

"अकराला," ती म्हणाली. "अकराच्या बातम्या नुकत्याच लागल्या होत्या."