दुखतं का?

झोप येत नाही म्हणता, तर ऐका. दिवा बारीकच राहू दे.

माझा मेव्हणा रुग्णवाहिका चालवतो. अंगावर तोळाभर मांस नाही, म्हणून सगळे त्याला पैलवान म्हणतात. थापा मारणाऱ्यांतला नाही तो. दिवसभर गाडी हाकून तेवढा दमच उरत नाही त्याच्यात.

मागच्या डिसेंबरातली गोष्ट. मंगळवारची रात्र, दीडचा सुमार. एका म्हाताऱ्या शिंप्याला दवाखान्यातून गावी घरी सोडायचं होतं. डॉक्टरांनी हात टेकले होते. कितीतरी रात्रींचा जागा मुलगा पुढे पैलवानाशेजारी बसला. मागे स्ट्रेचरवर म्हातारा एकटा. मधली खिडकी उघडी.

शहर मागे पडलं तसं म्हाताऱ्यानं विचारलं, "मरताना दुखतं का रे?"

"बाबा, अभद्र बोलू नका. बरे होणार आहात तुम्ही."

"दवाखान्यातही हेच. मरणाचा विषय काढला, की जो तो माझी उशी नीट करायला लागतो."

थोड्या वेळानं मुलाची मान कलली, तो घोरायला लागला.

"ड्रायव्हरसाहेब, तुम्ही इतक्या लोकांना नेलंत. तुम्ही तरी सांगा. दुखतं का?"

पैलवान रस्त्याकडे बघत राहिला.

तेव्हा मागून बाईचा आवाज आला. थकलेला.

"नाही हो. दमून घरी आल्यावर चपला काढतो ना... तसं."

पैलवानानं आरशात पाहिलं.

स्ट्रेचर. म्हातारा. बाकी कोणी नाही.

"एकटं वाटतं का?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"मी आहे ना."

"फार भीती वाटत होती गं."

"ठाऊक आहे... झोपा आता."

मग काही नाही. नुसतं इंजिन.

पैलवानानं गाडी थांबवली नाही. थांबवली असती, तर मागचं दार उघडावं लागलं असतं...

घर आलं. म्हातारा जागाच होता. चेहरा निवांत. मुलाला म्हणाला, "किती दमलास रे. जरा पड."

उजाडायच्या आत म्हातारा झोपेतच गेला.

पैलवान परतला. गाडी धुवायला त्यानं मागचं दार उघडलं. स्ट्रेचरशेजारी सोबतच्या माणसासाठी एक खुर्ची असते. रिकामीच होती.

पण तिचा पट्टा लावलेला होता. आणि तो खुर्चीला टेकला नव्हता. पुढे आलेला... ताठ... आत कोणी बसलेलं असावं तसा.