नाझियाचा ओढांक

महाडच्या त्या रसायन कारखान्यात पाळीवर येताना प्रत्येकाला गळ्यात एक बिल्ला अडकवावा लागे. बिल्ला दिवसभर बोलणं ऐके आणि सुटताना एक आकडा दाखवी, ओढांक. माणसाचं मन या नोकरीबाहेर किती ओढ घेतंय, त्याचं ते माप. नोकरी सोडून गेलेल्या हजारो लोकांच्या बोलण्यावरून यंत्र एवढंच शिकलं होतं, की जे सारखे प्रश्न विचारतात, पुढचं काम शिकायला मागतात, ते वर्षभरात जातात. म्हणून ज्याचा ओढांक चाळिसाच्या वर असेल त्याला नवं काम शिकवायचं नाही, असा नियम झाला. चांगल्या शिकल्यासवरल्या माणसांनी केलेला!

नाझिया परकारचा ओढांक होता एक्याऐंशी. खरं तर तिला कुठेच जायचं नव्हतं. घर दहा मिनिटांवर, अब्बा अंथरुणाला खिळलेले. तिला हवं होतं फक्त मुख्य रिअॅक्टरचं, रसायनं तापवणाऱ्या मोठ्या टाकीचं, काम. पाळीप्रमुख साळवींनी तीनदा नकार दिला. त्यानंतर तीन महिन्यांत तिचा आकडा सहावर आला, तेव्हा साळवी खूश झाले आणि त्यांनी तिला शिकवून रिअॅक्टरवर बसवलं.

तिसऱ्याच दिवशी ते सहज नियंत्रणकक्षात डोकावले आणि आत धावले. पडद्यावर तापमान अठ्ठ्याऐंशी! एरवी ते सत्तरच्या आसपास असे. शंभराला टाकी फुटली असती. नाझिया मात्र शांतपणे आकडे वहीत लिहीत होती.

"अगं, पाणी सोड! थंड पाणी!"

तिने तत्क्षणी झडप उघडली. एक्याण्णव. त्र्याण्णव. खाली वीस माणसं काम करत होती. चौऱ्याण्णववर आकडा थबकला आणि हळूहळू उतरू लागला.

"तुला दिसलं नाही?"

"दिसलं ना, सर. पण भोंगा पंच्याण्णवला वाजतो. तो वाजला की झडप उघडायची, असं शिकवलंय."

"झडप उघडल्यावरही सहा अंश चढलं; पंच्याण्णवला उघडली असतीस तर शंभराच्या पार गेलं असतं! हे इतकं का चढतंय, असं मनात नाही आलं?"

"आधी यायचं. मनात आलं की तोंडातून निघायचं, आणि आकडा वर जायचा. मग मनातच येऊ न देण्याची सवय केली. सुरुवातीला फार जड गेलं."

साळवींना स्वतःची लाज वाटली. त्यांनी तिचा बिल्ला काढून खणात टाकला. "आता विचार. काय वाट्टेल ते विचार. का चढलं असेल?"

नाझिया पडद्याकडे बघत राहिली. अगदी मनापासून प्रयत्न करत राहिली. मग तिने वहीचं पान उलटलं.

"तुम्हीच सांगा, सर. मी लिहून घेते."

नोकरी न सोडताच निघून गेलेल्या माणसाला आता कुठून बोलावून आणायचं?