लेफाओची करवंटी

दिवा जरा इकडे सरकव, वाऱ्याने फडफडतोय. आणि अंधाराकडे काय बघतोस? मी सांगतोय ते भर सकाळी घडलं, साऱ्या गावादेखत.

आमच्या सभेत आवा कुणाला द्यायचा ते पुकारायचं काम माझं. मुळी कुटून पाण्यात कालवलेला तो आवा नारळाच्या करवंटीतून फिरतो. प्रत्येक सरदाराच्या करवंटीची हाळी वेगळी, टेकून बसायचा खांब ठरलेला. हाळी चुकली तर घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या वैर राहतं. माझी आजवर चुकलेली नाही. हे बढाई म्हणून सांगत नाही. बरं, थोडी बढाई आहेच.

माझी भाची फेतुआओ राजधानीत, आपियाला, विद्यापीठात इतिहास शिकवते. चर्चच्या शताब्दीसाठी तिने गावाचा इतिहास लिहिला. पूर्वी डोंगर फुटून लाव्हा गावावर आला, तेव्हा कुणीतरी मुलांना बाहेर काढलं आणि स्वतः मागेच राहिला. तो कोण, हे कुणालाच माहीत नव्हतं. फेतुआओचं म्हणणं, इतिहासाला जिथे भोक पडलंय तिथे गोष्टीचं ठिगळ लावावंच लागतं, फक्त ते ठिगळ आहे हे कबूल करावं. तिने लेफाओ नावाचा माणूस रचला. परगावचा, कमी बोलणारा, उजवा अंगठा वाकडा. हा माझ्या कल्पनेतला आहे, असं प्रस्तावनेत स्वच्छ लिहिलं. पण प्रस्तावना वाचतं कोण?

वर्षभरात लेफाओ गावचा झाला. म्हाताऱ्यांना त्याच्याबद्दल लहानपणी ऐकलेलं आठवायला लागलं. मग तालिएसे सरदाराने आपल्या घरातल्या पुरुषांचे वाकडे अंगठे सभेपुढे धरले. लेफाओ आमचाच पूर्वज, म्हणाला, आणि तो जिथे मेला ती जमीनही आमची. त्या जमिनीवर मेलेआने नावाच्या विधवेचं घर होतं, तारोच्या कंदांचा मळा होता. सभेने मान डोलावली असती तर तिला उतारवयात परक्याच्या दारात पथारी टाकावी लागली असती.

फेतुआओ आपियाहून पहिल्या बोटीने आली. चेहरा पार उतरलेला.

"मामा, मी सभेत उभी राहून सांगते, तो माणूस झालाच नाही म्हणून."

"नाही ऐकणार. त्यांना तो तुझ्यापेक्षा जास्त आवडतो."

"मग त्या बाईचं काय?"

"मी आहे ना," मी म्हणालो.

बेत सोपा होता. सभेत लेफाओच्या नावाने हाळी द्यायची. करवंटी घेऊन जाणाऱ्याला द्यायला कुणी सापडणार नाही, तो भरलेली करवंटी परत आणेल, आणि गावाला आपल्या डोळ्यांनी दिसेल की तिथे कुणी नाही.

सभा भरली. वारा नव्हता, खोबरं वाळत घातल्याचा वास होता. सगळ्यांचं पिऊन झाल्यावर मी घसा खाकरून हाळी दिली. "लेफाओची करवंटी!" सगळे चपापले. तालिएसेचाच मुलगा योसुआ आवा वाढत होता. तो क्षणभर थबकला, मग समुद्राकडच्या मोकळ्या खांबापाशी जाऊन वाकला. त्याने करवंटी पुढे केली...

जळक्या दगडाचा वास आला. चटईवर थेंब सांडले, पिण्याआधी आपण सांडतो तसे. मग सगळी सभा एका आवाजात "सोइफुआ" म्हणाली. पिणाऱ्याने आशीर्वाद दिला की आपण हेच उत्तर देतो. आशीर्वाद मला ऐकू आला नव्हता. पण उत्तर मीही दिलं होतं.

योसुआ परत आला. करवंटी कोरडी होती.

तालिएसेची छाती फुगली. "आला ना? आता अंगठा कसा होता तेही सांग सगळ्यांना."

योसुआने करवंटी खाली ठेवली. "अंगठा नव्हता, बाबा..."

"म्हणजे?"

"उजव्या हाताला अंगठाच नव्हता. दोन्ही तळव्यांत धरून प्यायला."

मला घाम फुटला होता, पण जीभ शाबूत होती. मी म्हणालो, "तालिएसे, वाकड्या अंगठ्याचा असेल तो तुझा पूर्वज. हा तुझा नव्हे." सभेने त्याचा दावा फेटाळला. मेलेआनेची जमीन वाचली.

परतताना मी खुशीत होतो. भाचीला चिडवलं, म्हटलं, तुझ्या पुस्तकात चूक निघाली, बाई. ती हसली नाही.

"मामा, तो मला पहिल्यांदा सुचला तेव्हा बिनअंगठ्याचाच होता. मला त्याची भीती वाटली, म्हणून लिहिताना अंगठा दिला."

"हे कुणाला बोलली होतीस?"

"कुणालाच नाही."

तेव्हापासून प्रत्येक सभेत शेवटची हाळी मी त्याचीच देतो. करवंटी कोरडीच परत येते. एखाद्या दिवशी हाळी न देता बघावं, असं फेतुआओ म्हणते. तिला म्हणायला काय जातं? पुकारणारा मी आहे, आणि माझी हाळी आजवर चुकलेली नाही.