चाकाखालचं पिल्लू

प्रफुलचं वागणं सरूबाईंना सकाळपासून खटकत होतं. आईला ताडोबा दाखवतो म्हणून चंद्रपूरहून गाडीत घालून आणायचं, आणि जंगलात शिरल्यावर समोरच्या पडद्यावरच्या हिरव्या रेषेकडे बघत बसायचं! रानगव्यांचा अख्खा कळप रस्ता ओलांडून गेला, तरी या पोरानं मान वर केली नाही.

"एवढ्यासाठी आणलं का रे मले? रेघा तर घरीही दिसल्या असत्या."

"माय, आज चाचणी आहे. पास झाली, तर या रस्त्यावर दिवसरात्र गाड्या सोडता येतील."

चाचणी होती ती टपावर बसवलेल्या पेटीची. अलक्षक तिचं नाव. ती प्रफुलनं बनवली होती.

"घरातल्या घड्याळाची टिकटिक आपल्याला ऐकू येईनाशी होते ना? तसंच हे," त्यानं सांगितलं. "पेटीतून माणसाला न कळणारा आवाज निघतो. जनावराच्या मेंदूला वाटतं, इथे लक्ष देण्यासारखं काहीच नाही. डोळ्यांपुढे गाडी असते, पण मनात शिरत नाही. मग भीती नाही, हल्ला नाही. जनावरानं दखल घेतली, तरच पडद्यावरची ही रेषा हलते."

वळणावर वाघीण उभी होती. मागे एक पिल्लू. प्रफुलनं गाडी थांबवली. वाघीण सरळ चालत आली आणि दाराला अंग घासू लागली. काचेच्या अलीकडे सरूबाईंचा श्वास, पलीकडे तिचा.

सरूबाई जंगलाला लागून असलेल्या मोहर्लीत सासरी राहायच्या, तेव्हा मोहफुलं वेचायला जाताना सासऱ्यांनी त्यांना एक सवय लावली होती. वाघ समोर आला तर पळायचं नाही. आपलं नाव, गाव मोठ्यानं सांगायचं आणि त्यानं आपल्याकडे बघेपर्यंत जागचं हलायचं नाही. सरूबाईंनी हात जोडले.

"मी सरू, मोहर्लीच्या गुरनुल्याची सून. आम्ही आमच्या वाटेनं जातो बाई, तू तुह्या वाटेनं जा."

वाघिणीची नजर त्यांच्या चेहऱ्यावरून सरकली आणि पलीकडच्या बांबूंवर जाऊन टेकली. मधे कोणी बसलेलंच नाही जणू.

सरूबाई गोंधळल्या. उभ्या मोहर्लीत त्यांना न बघता पुढे जायची कोणाची छाती नव्हती. आता रागवावं की घाबरावं, तेच कळेना.

"बघितलंस? रेषा हललीसुद्धा नाही!" प्रफुल हरखला होता.

तेवढ्यात पिल्लू गाडीखाली शिरलं. सावली आवडली असावी. पडद्यावर खालचं चित्र उमटलं: मागच्या चाकाला पाठ लावून ते निवांत पसरलं होतं. वाघीणही दाराशी बसली आणि तिनं डोळे मिटले.

"हॉर्न मार."

प्रफुलनं मारला. वाघिणीचा कानही हलला नाही. त्यानं गाडी जराशी पुढे सरकवली. चाक पाठीमागून निसटलं, तरी पिल्लू उठलं नाही. उलट अंग ताणून त्यानं पंजा चाकाच्या पुढ्यात टाकला.

"हे कसं काय?" प्रफुल पुटपुटला. "चाक हलतंय, तेही कळत नाही त्याला?"

"पेटी बंद कर."

"बंद केली तर तिला एकदम आपण दिसू, तेही तिच्या पिल्लाच्या डोक्यावर! शिवाय पेटी चालू ठेवूनच गेटबाहेर पडायचंय, नाहीतर चाचणी गेली. थांब, हळूच वळवून काढतो. बहुतेक निघेल पिल्लू."

"बहुतेक?"

त्यानं स्टिअरिंग धरलं. सरूबाईंनी हात लांबवून पडद्याखालचं पेटी बंद करायचं लाल बटण दाबलं.

वाघिणीचे डोळे उघडले. कान मागे गेले. आता तिनं पाहिलं, थेट सरूबाईंकडे. डरकाळीनं गाडी हादरली, पंजा काचेवर बसला आणि काच आडवी तडकली. गाडीखालून पिल्लू सुसाट सुटलं. वाघीण त्याच्यामागे बांबूत नाहीशी झाली.

प्रफुलनं स्टिअरिंग सोडलं.

"काय केलंस माय! शांत होती ती. कोणालाच त्रास नव्हता." मग स्वतःलाच विचारल्यासारखं, "नव्हता ना?"

काचेवर पंजाचा चिखल होता. सरूबाईंनी आतून त्यावर बोट टेकवलं.

"तुह्या मेंदूच्या गोष्टी मले नाही समजत, बापा. पण ही पेटी खाली उतरव. अन् एवढं सांग. लेकरू चाकाखाली चिरडलं असतं अन् त्या मायले समोर गाडीच दिसली नसती, तर तिनं पंजा कोणावर उगारला असता?"