एकच रेघ

अमोघ पहिल्यांदा आमच्या वाचनालयात आला, तो दुसऱ्याच वाचनालयाचं पुस्तक परत करायला.

"हे आमचं नाही," मी शिक्का दाखवत म्हटलं.

"असू दे ने, ठेवून घ्या. एवढ्यासाठी आता फतेगंजला कोण जाणार?" त्याचं 'ने' अस्सल बडोद्याचं.

"हे वाचनालय आहे. भंगारवाल्याचं दुकान नाही."

तो कान लाल होईपर्यंत हसला. मग आईच्या नावाने सभासदाचा अर्ज भरला आणि त्यानंतर दर शनिवारी, शिफ्ट असेल तर रविवारी, हजर. रिफायनरीत शिफ्ट इंजिनीअर होता. आई आठवड्याला तीन कादंबऱ्या वाचते, असं सांगायचा. मी एरवी कुणाच्या थापांना भुलत नाही, पण हे मला खरं वाटायचं.

सुभानपुऱ्यातल्या आमच्या मराठी मंडळाचं हे वाचनालय शनिवार-रविवार मी सांभाळते. दिवाळीच्या हस्तलिखित अंकाचं संपादनही माझ्याच गळ्यात. गेल्या वर्षी अकरा कथा आल्या, त्यांतल्या सहांमध्ये 'मनाच्या कोपऱ्यात' काहीतरी 'अलगद उमलत' होतं. सहाही एआयने लिहिलेल्या. म्हणून यंदा अध्यक्ष तात्यासाहेबांनी नियम काढला — मजकूर टाइप केलेला नको, लेखकाने आपल्या हाताने लिहून आणायचा. यंत्राचं लिखाण हाताने उतरवून काढता येतं, हे काही त्यांच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं. मी फळ्यावर लिहून टाकलं: असं करताना जो सापडेल, त्याचं नाव पुन्हा कधीही हस्तलिखितात येणार नाही.

शेवटच्या शनिवारी संध्याकाळी अमोघने माझ्यापुढे बारा पानं ठेवली.

"तुम्ही लिहिता?"

"लॉगबुक लिहितो. हे पहिलंच..."

"कशावर आहे?"

"प्रेमकथा आहे." तो खिडकीकडे बघत म्हणाला. "बडोद्याचीच."

मी त्याच्यासमोरच वाचायला घेतली. पहिल्याच ओळीत नायिकेचे डोळे अथांग सागरासारखे. पुढे 'अलगद' आला. त्याच्यामागोमाग मनाचा कोपराही.

मला राग आला, आणि रागाहून जास्त वाईट वाटलं. ही कथा बाद करायची म्हणजे हा माणूस पुन्हा इथे पाऊल टाकणार नाही. चार महिने मी आठवडाभर शनिवारची वाट बघत होते, हे मला तेव्हा कळलं... अगदी नको त्या वेळी.

"हे तुम्ही लिहिलेलं नाही."

"नाही," तो सरळ म्हणाला. "एआयकडून लिहून घेतलं. मला कुठे जमतंय! पण उतरवताना काही ठिकाणी पटेना. तिथे खोडलं."

मग माझं लक्ष गेलं. काही ओळींवर पट्टीने मारलेली एकेक बारीक रेघ होती. शेजारी छोट्या अक्षरात काही लिहिलेलं, खाली 'अ.' आणि वेळ.

"हे काय आहे?"

"लॉगबुकाची सवय. आमच्याकडे गिरगटायचं नाही, व्हाइटनर तर नाहीच. एकच रेघ मारायची, म्हणजे आधी काय लिहिलं होतं तेही वाचता येतं. शेजारी खरं काय ते लिहायचं, सही करायची, वेळ टाकायची."

मी परत पहिल्या पानावर आले. या वेळी फक्त समासातलं वाचलं.

अथांग सागरावर रेघ. शेजारी: 'तिला चष्मा आहे. डावी काडी सैल आहे. वाचताना बोटाने धरते. अ., १४.२०.'

मंजुळ हास्यावर रेघ. 'ती पटकन हसत नाही. हसू आलं की रजिस्टर उघडते. अ., १४.३५.'

नशिबाने घडवलेल्या भेटीवर रेघ. 'पहिल्यांदा चुकून गेलो. नंतर एकदाही चुकून गेलो नाही. आई कादंबऱ्या वाचत नाही, सिरियल बघते. अ., १४.५०.'

माझं बोट चष्म्याच्या डाव्या काडीवर होतं. मी ते काढलं. मग रजिस्टर उघडलं.

"कथा बाद ने?" त्याने विचारलं. आवाज पार खाली गेला होता.

"कथा बाद. ती तुमची नाही." मी रजिस्टरातच बघत होते. "समासातलं छापू... म्हणजे घेऊ. ते तुमचं आहे."

"नऊच ओळी आहेत."

"पुरेत. नाव तुमचंच येईल. फळ्यावर काय लिहिलंय ते मला माहीत आहे; कुणी विचारलं तर काय झालं ते सगळं सांगेन."

त्याने श्वास सोडला. मी शेवटचं पान उलटलं. तिथे यंत्राची एक ओळ तशीच होती: 'आणि ती दोघं आपापल्या वाटेने निघून गेली.'

"ही का नाही खोडली?"

"नियम आहे," तो म्हणाला. "दुसऱ्याची नोंद आपण खोडायची नाही. ही... ही अर्धी तुमची आहे."

वरचा पंखा करकरत होता. मी खणातून पट्टी काढली, त्या ओळीवर एकच रेघ मारली आणि शेजारी लिहिलं: 'ती वाचनालय बंद करून त्याच्याबरोबर चहाला गेली. मोहना, १८.१०.'

त्याने वाचलं. पुन्हा वाचलं. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं.

"पण वाचनालय आठला बंद होतं ने?"

"हो," मी म्हटलं. "शटर जड आहे. जरा हात लाव."