उलटं बसवलेलं लॉक

ही ऐकीव गोष्ट नाही. माझ्या डोळ्यांसमोर घडलेली आहे... रविवारी, भरदुपारी, आमच्या घरामागच्या शेडमध्ये.

मी रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करते. उगाच घाबरणाऱ्यातली नाही. ज्यांना खोटं वाटेल त्यांनी आधी आमच्या ह्यांच्या कपाळावरचे टाके बघावेत आणि मग खुशाल हसावं.

आमच्या ह्यांना सासऱ्यांच्या जुन्या गाडीचं भारी वेड. घरातला नळ गळतोय तो गळतोच आहे, आणि साहेब गाडीखाली आडवे. सवत परवडली, असं मी मैत्रिणींना सांगायचे. इंजिन झालं, रंग झाला, सीटा झाल्या. राहिलं एकच. ड्रायव्हरच्या दाराचं लॉक.

ते कुठेच मिळेना. गाडी बनवणारी कंपनी कधीच बंद पडलेली. दार सुतळीने बांधून हे गाडी फिरवायचे आणि मी शेजारी बसून लाजेने अर्धी व्हायचे.

शेवटी एका भंगाराच्या यार्डात तसलीच गाडी असल्याचं कळलं. मीही सोबत गेले.

यार्डात एक गोष्ट लगेच डोळ्यांत भरली. अपघातातल्या एकाही गाडीचं दार लावलेलं नव्हतं. सगळी दारं अर्धवट उघडी, तारेने बांधलेली. लॉकच्या जागी नुसती भोकं.

"अपघाताची गाडी आली की आधी लॉकं काढतो," यार्डवाले काका म्हणाले. "ती विकत नाही. घणाने ठेचून टाकतो."

"का हो?"

"आतल्याला बाहेर पडता यावं म्हणून."

हे हसले. "आत कोण असतं, काका?"

काका हसले नाहीत. "काही जण दार उघडलं नाही म्हणूनच गेलेले असतात," एवढंच म्हणाले आणि जेवायला निघून गेले.

आम्हाला हवी होती ती गाडी अगदी मागे होती. पुढून चेपलेली, काळी पडलेली. एक बाजू भिंतीला चिकटलेली, त्यामुळे त्या बाजूचं एक लॉक काकांच्या नजरेतून सुटलं होतं.

आमच्या ह्यांच्या नजरेतून नाही.

घरी आल्यावर पिशवीतून ते लॉक निघालं तेव्हा मी कपाळावर हात मारला. "अहो, चोरी केलीत?"

"भंगारातली कसली चोरी?"

खरी अडचण पुढे होती. ते लॉक दुसऱ्या बाजूच्या दाराचं होतं. पण आमचा मेकॅनिक पानाभाऊ हार मानणाऱ्यातला नाही. त्याने लॉक उलटं केलं, कानस मारली, नवीन भोक पाडलं आणि बसवलं. फक्त आतलं बटण उलटं चालायला लागलं. वर ओढलं की बंद, खाली दाबलं की उघडं.

"लक्षात ठेवा, साहेब," पानाभाऊ म्हणाला. "नाहीतर वहिनींना दाराबाहेर ठेवाल."

दार लागलं. खट्. इतका सुंदर आवाज की हे लहान मुलासारखे उघडझाप करत बसले.

दुसऱ्या दिवशी चहा गाळताना मला शेडमधून आवाज आला...

धप्.

धप्.

मला वाटलं, हे काहीतरी ठोकताहेत. वळून बघते तर हे माझ्या मागे उभे, हातात पेपर.

आम्ही शेडमध्ये गेलो. कोणी नव्हतं. गाडीची सगळी दारं बंद होती. पण ड्रायव्हरच्या दाराचा पत्रा... बाहेरच्या बाजूला फुगला होता.

पानाभाऊला बोलावलं, तर त्याने त्या फुगवट्यावरून हात फिरवला. "हा मार आतून बसलाय," तो म्हणाला. त्यानंतर त्याने चेष्टा केली नाही.

मी म्हटलं, काढा ते लॉक. हे म्हणाले, रविवारी बघू.

आणि रविवार आला.

पानाभाऊ दुपारी येणार होता. हे आधीच जाऊन गाडीत बसले. मी भांडी घासत होते.

खट्.

मग शांतता...

धप्.

आणि ह्यांची किंकाळी.

मी धावले. हे गाडीत होते. दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरलेलं, पांढरेफटक पडलेले. आणि त्यांचं डोकं मागे खेचलं गेलं... आणि दाराच्या काचेवर आपटलं.

पुन्हा मागे.

पुन्हा काचेवर.

माणूस स्वतःचं डोकं असं आपटत नाही हो. त्यांचे केस ताठ उभे होते, मुठीत धरल्यासारखे. पण मूठ कुठेच दिसत नव्हती.

मी दार ओढलं. उघडेना. आत बटण आपोआप खाली गेलं, म्हणजे उघडं. मी जीव खाऊन ओढलं. तेवढ्यात बटण वर गेलं, म्हणजे बंद. खाली. वर. खाली. जणू आतल्याला कळतच नव्हतं की हे लॉक उघडतं कसं.

काच रक्ताने लाल झाली. ह्यांचे डोळे माझ्याकडे होते. माझा माणूस माझ्यासमोर मरत होता आणि मध्ये फक्त एक काच होती.

मी हातोडा घेऊन पलीकडे धावले. तिकडचं दारही उघडेना, म्हणून काच फोडली. तेवढ्यात पानाभाऊ पोहोचला. दोघांनी मिळून ह्यांना पाय धरून त्या खिडकीतून बाहेर ओढलं. अगदी शेवटपर्यंत डोकं सुटत नव्हतं. सुटलं तेव्हा केसांचा एक पुंजका आतच राहिला... हवेत. मग तो सीटवर पडला.

पानाभाऊने त्याच दिवशी पहारीने ते लॉक उखडलं आणि यार्डात नेलं. काकांनी ठेचलं. ते त्याला म्हणाले, त्या काळ्या पडलेल्या गाडीतल्या माणसाचे हात धडकेतच मोडले होते. गाडीने पेट घेतल्यावर तो सरकत पलीकडच्या दाराशी गेला. ते उघडलं नाही.

इस्पितळात मी हे ह्यांना सांगितलं. ह्यांनी कपाळावरच्या पट्टीवरून हात फिरवला.

"तो मला मारत नव्हता," मग हे म्हणाले. "त्याच्या मोडक्या हातांत काच फोडायचा जोर नव्हता ना. तो माझ्या डोक्याने काच फोडत होता."

ह्यांच्या बाजूची ती काच शेवटपर्यंत फुटली नाही. गाडी आम्ही देऊन टाकली. सगळं संपलं असं मला वाटलं होतं.

काल लॅबमधून आले तर हे बैठकीच्या खिडकीशी पाठमोरे उभे होते. कपाळ काचेला टेकलेलं.

"अहो..."



जवळ गेले. डोक्यामागचे केस ताठ उभे होते.

मी हळूच हात पुढे करून खिडकी उघडली. केस सावकाश खाली बसले.

"छान वारा येतोय," हे म्हणाले.